इंग्रजीची परीक्षा : ऐका, बोला, वाचा, लिहा

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने मला पत्र दिले, त्यात विषय लिहिला होता, ‘इंग्रजी परीक्षेची तयारी’. ते पत्र पाहून आमच्या पाळीतला एक मित्र हसला. म्हणाला, "बावा, तू तं दहावीत इंग्रजीतच नापास झालता. तू काय शिकवून राह्यला पोट्ट्यायले?" मित्राचे बोलणे खरे आहे. मी प्राध्यापक नाही, मास्तर नाही. तीस-पस्तीस वर्षे सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभा राहिलेला माणूस आहे. पण जो खड्ड्यात पडला त्याला खड्डा कुठे आहे हे पक्के ठाऊक असते. तेवढ्याच अधिकाराने आज तुमच्यासमोर उभा आहे.

माझे गाव मूर्तिजापूर तालुक्यात. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्रात २००० सालच्या जूनमध्ये लागू झाला, तोवर आम्ही शाळा सोडून किती वर्षे झाली होती. गुरुजी धड्यातली एक ओळ वाचत, तिचा मराठी अर्थ सांगत, आम्ही तो पेन्सिलीने पुस्तकातच लिहून घेत असू. पाचवी ते दहावी अशा सहा वर्षांत मी तोंडाने एक पूर्ण इंग्रजी वाक्य बोललो नाही. कोणी बोललेले ऐकलेही नाही. परीक्षेच्या आधी अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला, आणि पाठ केलेले सगळे वाऱ्यावर गेले. इंग्रजीला २३ गुण. मी गिरणीची वाट धरली.

आता जी गोष्ट सांगतो ती मी आजवर फार लोकांना सांगितली नाही. गिरणीत लागून काही वर्षे झाली होती. एक दिवस पाळी सुटायच्या वेळी ऑफिसातून टाइप केलेला कागद आला. दोन पाने, सगळी इंग्रजीत. बाबूने तोंडी सांगितले, "पगारवाढीचा कागद आहे, सह्या करा आणि घरी जा." आम्ही बेचाळीस जण होतो. बेचाळीसही जणांनी सह्या केल्या. चार महिन्यांनी अमरावतीच्या एका वकील साहेबांनी तो कागद आम्हाला वाचून दाखवला. पगारवाढ पहिल्या पानावर होतीच, ती काही खोटी नव्हती. पण दुसऱ्या पानावर असे होते की मागची सर्व थकबाकी आम्हाला पावली, आता आमचे काही घेणे नाही. अडीच वर्षांची थकबाकी एका सहीने गेली. वकील साहेबांनी विचारले, "तुम्ही वाचून सही केली ना?" आम्ही खाली पाहत उभे राहिलो.

माझे वडील अंगठेबहाद्दर होते. ते त्या जागी असते तर म्हणाले असते, "साहेब, मले वाचता येत नाई, कोणाकडून वाचून आणतो." मला सही येत होती, दहावीपर्यंत शिकलो होतो, म्हणून ‘समजले नाही’ म्हणायची लाज वाटली. मित्रांनो, आमचे नुकसान इंग्रजीने जेवढे केले त्यापेक्षा जास्त या लाजेने केले. आज मी जे काही सांगणार आहे ते या लाजेविषयीच आहे.

त्यानंतर मी वीरकरांची डिक्शनरी विकत घेतली. एका हाताशी मराठी संविधान, दुसऱ्या हाताशी इंग्रजी संविधान, असे उद्देशिकेपासून एकेक कलम लावून वाचू लागलो. मग तेव्हा लागू असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा वाचला. पहिल्या पानाला आठ दिवस लागले. पाच-सहा वर्षांत बरेच वाचता येऊ लागले आणि मला वाटले, आपल्याला इंग्रजी आली. तो भ्रम मुंबईच्या एका बैठकीत फिटला. युनियनच्या कामासाठी गेलो होतो. समोरच्या साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. तोच प्रश्न कागदावर असता तर मला समजला असता, पण कानाने तो अर्धाच समजला. उत्तर माहीत होते तरी तोंडातून शब्द निघेना. "यस सर" म्हणालो आणि खाली बसलो. नंतर सोबत्याने सांगितले की तिथे ‘नो’ म्हणायचे होते.

तेव्हा मला कळले की वाचणे वेगळे, ऐकणे वेगळे, बोलणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. गिरणीत ब्लोरूमपासून कोन वाइंडिंगपर्यंत कापूस तोच असतो, पण खाती निराळी. कार्डिंगच्या माणसाला रिंगवर उभे केले तर पहिल्या दिवशी त्याचे धागे तुटतच राहतात. म्हणून काही तो कामगार नालायक ठरत नाही, त्या खात्याची त्याला सवय नसते. आपली मुले इंग्रजीत ‘कच्ची’ नाहीत. त्यांनी चारपैकी एकाच खात्यात काम केले आहे, तेही अर्धे.

बाबासाहेबांचे इंग्रजी पाहून जग थक्क झाले. आपल्याला वाटते ती जन्मजात देणगी. पण त्यांनीच आठवण सांगून ठेवली आहे की वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, घरी हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून करून घेतल्या. रामजी बाबा लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. मुलाला समोर बसवून मराठीचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी, हा रोजचा रियाज त्यांनी घेतला. त्या पायावर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. साक्ष म्हणजे काय? समोरच्याचा प्रश्न ऐकायचा आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. तिथे गाइड चालत नाही.

आणि हेच बाबासाहेब १९२० साली मराठीत ‘मूकनायक’ काढतात. नोव्हेंबर १९२७ मध्ये आपल्या अमरावतीला, इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान घेतात आणि अंबादेवी मंदिराच्या प्रश्नावर आपल्या माणसांशी मराठीत बोलतात. तीनच वर्षांनी, १९३० साली, लंडनच्या गोलमेज परिषदेत तेच दुःख इंग्रजीत मांडतात. दुःख तेच होते, ऐकणारे बदलले म्हणून भाषा बदलली. इंग्रजी शिकायची ती यासाठी. मराठीची लाज वाटावी यासाठी नाही. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्यावर कविता लिहिली, पण ती लिहिली मराठीत, हेही ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, बाबासाहेब ते बाबासाहेब, आपली पोरे ती आपली पोरे. ठीक आहे, घराजवळचे उदाहरण घ्या. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निवृत्त झाले. सर्वोच्च न्यायालयाचे काम संविधानाच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजीत चालते. दिवसभर इंग्रजीत ऐकायचे, इंग्रजीत विचारायचे, इंग्रजीत निकाल लिहायचा. त्या खुर्चीपर्यंतचा रस्ता मराठी शाळेतून सुरू होऊ शकतो. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, कर्ज काढून पोराला इंग्रजी नावाच्या शाळेत घातले म्हणजे आपले काम झाले असे समजू नका. शाळा कोणतीही असो, घरी आणि विहारात रियाज नसेल तर फळ्यावरची इंग्रजी फळ्यावरच राहते.

आता परीक्षेकडे येतो. दहावी-बारावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत असे धरले जातात. ते २० गुण ‘मिळतातच’ म्हणून मुले ऐकण्या-बोलण्याचा सराव सोडून देतात. गुण मिळतात, पण कौशल्य येत नाही. त्याचा हिशोब पुढे चुकवावा लागतो.

तो कुठे चुकवावा लागतो ते माझ्या घरचेच सांगतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून सुरू आहे. वर्षाला ७५ जागा. माझ्या मुलीने अमरावती विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी घेतली आणि तिला बाहेर शिकायला जायची इच्छा झाली. बाहेरची बहुतेक विद्यापीठे इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला मागतात. त्यातली आपल्याकडे जास्त चालणारी आयईएलटीएस. तिची फी आमच्यासारख्याच्या महिन्याच्या पगाराइतकी. या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांचे चार वेगळे भाग असतात आणि प्रत्येकाला ० ते ९ असा वेगळा बँड मिळतो. चारांची सरासरी म्हणजे एकूण बँड.

मुलगी नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आली. वाचनात साडेसात, ऐकण्यात सहा, लिहिण्यात साडेपाच, बोलण्यात पाच. सरासरी सहा. तिने निवडलेल्या विद्यापीठाला साडेसहा हवे होते आणि कोणत्याही भागात सहाच्या खाली चालत नव्हते. बघा, वाचनात साडेसात मिळवणारी पोरगी बोलण्यात पाचवर अडली. बापाने मुंबईच्या बैठकीत जे केले तेच पोरीने नागपुरात केले. आमच्या घरात इंग्रजी डोळ्यांनी आली होती, कानाने आणि तोंडाने आली नव्हती. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाबा, मला विहाराची चावी आणून द्या."

अध्यक्ष साहेबांनी चावी दिली. संध्याकाळच्या वंदनेनंतर एक तास, असे सात महिने. आधी ती एकटी, मग मैत्रीण, मग वस्तीतली दहावी-बारावीची मुले. आज हा वर्ग तुम्ही सगळे पाहता. त्या वर्गात जे चालते तेच आता सांगतो. यात एक पैशाचा खर्च नाही.

पहिले, ऐकणे. आपल्या परंपरेत हे नवीन नाही. बुद्धवचन कित्येक शतके भिक्खू संघाने ऐकून आणि एकत्र म्हणून जपले, श्रीलंकेत ते ग्रंथात लिहिले गेले ते नंतर. मंगलसुत्त आपण दर वेळी म्हणतो, त्यात बहुश्रुत असणे हे मंगल सांगितले आहे. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले तो. मग इंग्रजी आपण न ऐकता कशी शिकणार? आयईएलटीएसमध्ये ४० प्रश्न असतात, ध्वनिफीत सुमारे ३० मिनिटे चालते आणि एकदाच ऐकवतात. पुन्हा लावा म्हणता येत नाही. आधी प्रश्न वाचून घ्यायचे, काय येणार आहे, आकडा की नाव की जागा, हे मनात धरायचे आणि मग कान द्यायचा.

सरावाला सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे बडनेरा स्टेशन. तिथे एकच घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे इंग्रजी ऐकताना कान नेमका शब्दावर बसतो. गाडीचा नंबर, फलाट, किती वाजता, हे कागदावर टिपा. विहारात आम्ही हेच करतो. एक जण स्टेशनचे नाव एकेक इंग्रजी अक्षर उच्चारून सांगतो, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, आणि बाकीचे लिहितात. फोन नंबर ‘डबल थ्री’, ‘डबल सेव्हन’ असे सांगतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत किती पोरे फसतात ते पाहाल तर हसू येईल. त्या परीक्षेत स्पेलिंग चुकले, अनेकवचनाचा ‘एस’ सुटला तरी उत्तर चूक धरतात. मी स्वतः पूर्वी रात्री नऊच्या आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकायचो. आधी मराठी बातम्या ऐकायच्या, मग इंग्रजी, म्हणजे अर्धे ओझे हलके होते. आता तुमच्या हातात मोबाइल आहे, त्यात एकच उतारा दहा वेळा ऐकता येतो. पहिल्यांदा नुसते ऐका, दुसऱ्यांदा टिपा, तिसऱ्यांदा त्याच्यामागोमाग म्हणा.

दुसरे, बोलणे. इथेच लाज आडवी येते. पोरगे तोंड उघडते, मागचे चार जण खुसखुसतात, आणि ते पोरगे जन्माचे मुके होते. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे, जो हसेल त्याने लगेच उभे राहून दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे. पहिल्या आठवड्यात चार जणांना उभे केले, मग हसणे आपोआप थांबले.

आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. परीक्षक समोर बसतो. आधी घर, गाव, आवड अशी ओळखीची विचारपूस. मग एक चिठ्ठी देतात, एक मिनिट विचाराला आणि एक ते दोन मिनिटे त्या विषयावर बोलायचे. शेवटी त्याच विषयावर जरा खोल चर्चा. पाठ केलेले भाषण परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते, म्हणून ते करू नका. आपल्या माहितीच्या चिठ्ठ्या करा : आमच्या गावचा आठवडी बाजार, आजीने सांगितलेली गोष्ट, कापूस वेचणीचे दिवस. ज्या गोष्टी आपण जगलो त्यावर शब्द लवकर सुचतात.

आपल्या बोलीचीही लाज धरू नका. ‘मी जाऊन राह्यलो’ म्हटले की पुण्या-मुंबईकडचे लोक हसतात. पण इंग्रजीतल्या ‘आय ॲम गोइंग’ला नेमका जोड आपल्या वऱ्हाडीतच आहे. चालू काळ आपल्याला वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त ‘मला माहीत आहे’ याचे ‘आय ॲम नोइंग’ करू नका, तिथे ‘आय नो’ एवढेच. उच्चाराच्या दोन-तीन जागा सांभाळा. मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत दोन. ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियान, तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागतात. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, तिथे ओठ गोल होतात. ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ यातला पुढचा ‘इ’ काढून टाका. आणि इंग्रजी शब्दात जोर एका जागी असतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटॉग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. डिक्शनरीत त्याची खूण दिलेली असते, ती पाहायची सवय लावा. साहेबासारखे बोलायची गरज नाही. समोरच्याला स्वच्छ समजले पाहिजे.

तिसरे, वाचणे. ६० मिनिटांत तीन मोठे उतारे आणि ४० प्रश्न. प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहत बसलात तर पहिल्याच उताऱ्यात घंटा होते. आधी प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ वाचून विषय धरा, मग प्रश्न पाहा, मग त्या जागी जाऊन बारकाईने वाचा. अडलेला शब्द पुढच्या-मागच्या वाक्यावरून ताडा. डिक्शनरी सराव संपल्यावर उघडायची.

त्यात एक प्रश्नप्रकार असा आहे की दिलेले विधान बरोबर, चूक, की ‘दिलेले नाही’ हे सांगायचे. यात हुशार मुले फसतात. विधान आपल्याला खरे वाटते म्हणून ती ‘बरोबर’ लिहितात, पण उताऱ्यात त्याविषयी शब्दही नसतो. मुलगी हा प्रकार मुलांना समजावत होती तेव्हा मी मागे बसून ऐकत होतो, आणि मला तो दोन पानांचा कागद आठवला. बाबूने जे तोंडी सांगितले ते कागदाच्या अर्ध्या भागातच होते. आणि जे कागदात होते ते त्याने सांगितले नाही. कागद काय म्हणतो, काय म्हणत नाही आणि कशाविषयी गप्प आहे, हे तीन प्रश्न त्या दिवशी आम्हा बेचाळीस जणांपैकी एकाला जरी विचारता आले असते तर अडीच वर्षांची थकबाकी वाचली असती. म्हणून मुलांनो, हा प्रश्न गुणांसाठी सोडवू नका. तो आयुष्यात रोज येतो.

चौथे, लिहिणे. तिथे एका तासात दोन लेखने. पहिल्यात तक्ता किंवा आलेख पाहून किमान १५० शब्द, दुसऱ्यात एखाद्या प्रश्नावर आपले मत किमान २५० शब्दांत. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन, म्हणून २० आणि ४० मिनिटे अशी वाटणी ठेवा. आपली मुले जिथे चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ. ‘मी काल अकोल्याला गेलो’ यात ‘ला’ गावाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत ‘आय वेंट टू अकोला यस्टर्डे’ म्हणताना ‘टू’ गावाच्या पुढे उभा राहतो. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून ते हटकून सुटतात. यावर उपाय तोच जुना, रामजी बाबांचा. रोज आठ ओळी. मराठीतला परिच्छेद इंग्रजीत करा, दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद ठेवून तोच पुन्हा मराठीत आणा. चुका लाल पेनाने दाखवून वही परत दिली की काम संपले असे नाही. तोच मजकूर दुरुस्त करून पुन्हा लिहायचा. एकच निबंध तीनदा लिहिलेला बरा, तीन निबंध एकदा लिहिण्यापेक्षा.

विषयही खरे घ्या. दहावीला औपचारिक पत्र येते. मग वस्तीतल्या नळाला चार दिवस पाणी नाही, त्याचा अर्ज इंग्रजीत लिहा. आमच्या वर्गातल्या मुलांनी असा अर्ज लिहिला आणि खरोखर नेऊन दिला. पाणी अर्जामुळे आले की टँकर यायचाच होता, मला सांगता येणार नाही. पण त्या मुलांची मान त्या दिवशी ताठ होती, हे मी पाहिले.

आता माझ्या माय-बहिणींना दोन शब्द. तुम्ही म्हणाल, आम्हाला अक्षर येत नाही, आम्ही काय मदत करणार? आमच्या घरची बाई कधी शाळेत गेली नाही. मुलगी रोज रात्री तिच्यासमोर दोन मिनिटे बोलायची आणि ही मांडीवर घड्याळ घेऊन बसायची. कुठे थांबली, किती वेळा ‘अं अं’ केले ते बोटावर मोजायची. म्हणायची, "इंग्रजी मले नाई समजत, पण पोट्टी कुठी अडली थे मले समजते." परीक्षकही शेवटी तेच पाहतो. घड्याळ धरणारे आणि न हसता ऐकणारे एक माणूस घरात असले की निम्मी भीती पळते. ते काम कोणीही करू शकते.

मुलीचे पुढे काय झाले हे तुम्ही विचाराल. सात महिन्यांनी ती पुन्हा नागपूरला गेली. वाचनात साडेसातच, ऐकण्यात सात, लिहिण्यात सहा, बोलण्यात साडेसहा. एकूण बँड सात. पण निकाल हाती आला तेव्हा त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपून गेली होती. हा निकाल दोन वर्षे चालतो, त्यातले दहा महिने गेले. यंदा ती अर्ज भरणार आहे. ७५ जागांत तिचा नंबर लागेल की नाही, हे माझ्या हातात नाही. मला एवढे समजले की पहिल्या परीक्षेआधीच विहाराची चावी मागितली असती तर एक वर्ष वाचले असते. तुमचे ते वर्ष वाचावे म्हणून मी आज बोलतो आहे. दहावीची मुले इथे बसली आहेत, त्यांच्या हाती अजून पुष्कळ वेळ आहे.

इंग्रजीला आपल्याकडे वाघिणीचे दूध म्हणतात. आपण त्या वाघिणीला लांबूनच नमस्कार करत आलो. इंग्रजी आली म्हणजे माणूस शहाणा झाला असे मी मानत नाही, आम्हाला फसवणारा कागद चांगल्या इंग्रजीतच लिहिलेला होता. पण ती आली नाही तर दुसरा कोणी आपल्या वतीने वाचतो, दुसरा कोणी बोलतो, आणि सही मात्र आपली असते.

म्हणून समितीला एक सूचना करतो आणि थांबतो. येत्या रविवारपासून वर्गात प्रत्येकाने घरातला एक इंग्रजी कागद आणावा. विम्याचा, बँकेचा, बचत गटाच्या कर्जाचा, कंपनीच्या नोकरीचा, कोणताही. मुलांनी तो मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ मराठीत सांगावा, मोठ्यांनी प्रश्न विचारावेत. यात ऐकणे, बोलणे, वाचणे आले आणि त्याचे उत्तर लिहायला घेतले की लिहिणेही आले. मुलांचा सराव होईल आणि आपली सही जपून पडेल. आणि कोणाला काही समजले नाही तर त्याने उभे राहून ‘मला समजले नाही’ असे मोठ्याने म्हणावे. या विहारात त्याला कोणी हसणार नाही.